लोखंडाचा नाद

दिल्लीतील माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात ओवी-वाङ्मयावरील ग्रंथांची एक रांग आहे आणि त्या रांगेच्या मागे कॅसेटींची दुसरी. ही दुसरी रांग पाहुण्यांना सहसा दिसत नाही. लोकसाहित्याच्या अध्यापनात ज्याने हयात घालविली, त्याने ‘हेवी मेटल’ नावाच्या विलायती गोंगाटावर जीव टाकावा, हे सहकाऱ्यांना सांगण्याचा धीर मला निवृत्तीपर्यंत झाला नाही. मराठीत ‘नाद’ या शब्दाला ध्वनी आणि छंद असे दोन्ही अर्थ आहेत. माझ्या बाबतीत दोन्ही खरे ठरले.

हा नाद लागला तो परळच्या चाळीत, १९८१ साली. मित्राचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीस होता. त्याने आणलेल्या तबकड्यांवरून आम्ही कॅसेटी भरून घेत असू. त्यांतली पहिली ‘ब्लॅक सॅबथ’ या चौकडीची, त्याच नावाची. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली. तिचे जवळजवळ सर्व ध्वनिमुद्रण आदल्या ऑक्टोबरात एका दिवसात उरकले होते. आरंभी पाऊस, दूरची घंटा, आणि मग गिटारचे तीन स्वर: षड्ज, तार षड्ज, आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. युरोपीय कानाला हे अंतर शतकानुशतके अस्वस्थ करीत आले आहे. आपल्याला तीव्र मध्यम परका नाही. यमनात तो नेहमी भेटतो. परंतु यमनात तो पंचमाला जाऊन मिळतो आणि मन निवते. येथे तो कोठेच जात नाही. थरथरत तेथेच उभा राहतो. माझ्या अंगावर काटा आला तो त्या उभे राहण्याने.

त्या गिटारवादकाची, टोनी आयोमी यांची, हकीकत मी पुढे एका मासिकात वाचली. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके यंत्रात सापडून तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे घडविली, त्यांवर चामडे चिकटविले, पातळ तारा लावल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त तर काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. सैल तार दुखऱ्या बोटाला सोसते, आणि तिचा स्वरही जड होतो. या संगीताचा जडपणा पुष्कळसा असा एका जखमेतून आला आहे.

माझ्या आवडीच्या इतर तबकड्यांतही अडचणीतून काढलेली वाट दिसते. ‘डीप पर्पल’चे ‘मशीन हेड’ (१९७२) स्वित्झर्लंडातील माँत्रो येथील कॅसिनोत मुद्रित व्हावयाचे होते. डिसेंबर १९७१ मध्ये तो कॅसिनोच जळाला, तेव्हा हिवाळ्यात ओस पडलेल्या एका हॉटेलच्या बोळांत त्यांनी ते पुरे केले. ‘जूडास प्रीस्ट’च्या ‘ब्रिटिश स्टील’मध्ये (१९८०) धातूचा खणखणाट हवा होता म्हणून काट्या-चमच्यांचे ट्रे हलविले आहेत आणि काच फुटल्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या आहेत. ‘आयर्न मेडन’च्या ‘पॉवरस्लेव्ह’मध्ये (१९८४) कोलरिजच्या वृद्ध खलाशाचे काव्य जवळजवळ चौदा मिनिटांचे गाणे होऊन येते, जाड पाठ्यपुस्तकाने मला जे समुद्राचे भय दिले नाही, ते या गाण्याने दिले.

यातून मी एक उपपत्ती बांधली होती. आमच्या साताऱ्याकडील बाया जात्यावर ओवी गातात ती दळणाचे ओझे हलके व्हावे म्हणून. बर्मिंगहॅमच्या पोरांनी मात्र ओझे हलके केले नाही, ते वाजवून दाखविले. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) कामगार बोलतो, त्याच्याभोवतीचे यंत्र बोलू लागले तर ते असे बोलेल. या विषयावर एक निबंध लिहावा, असे फार दिवस मनात होते. तो लिहून झाला नाही, याचे कारण माझे वडील.

आबा एका गिरणीत साळखात्यात होते. सव्वीस वर्षे साच्यांपुढे उभे राहून त्यांचे कान गेले होते. घरी आम्ही त्यांच्याशी तोंड समोर करून बोलत असू. आमचे बोलणे त्यांना पोहोचत नसे, पण माझ्या टेपरेकॉर्डरचा आवाज मात्र पोहोचे. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, “बंद कर ते. आठ तास त्येच ऐकून आलोय.”

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली. आबांसारखी कितीतरी पुन्हा कधी आत गेली नाहीत. भोंगा नसलेल्या त्या दिवसांत आबा खोलीच्या दारात नुसते बसून असत. एकदा त्यांना बरे वाटावे म्हणून मी आयोमींच्या बोटांची गोष्ट सांगितली: ते यंत्र, ती टोपणे, आणि आता सारे जग त्यांना ओळखते. माझ्या ओठांकडे पाहत आबांनी सर्व ऐकून घेतले. मग विचारले, “भरपाई किती मिळाली त्याला?”

मासिकात ते छापलेले नव्हते. आमच्या चाळीत कान गेल्याची भरपाई कोणी मागितल्याचेही मला आठवत नाही.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ‘ब्लॅक सॅबथ’ची मूळ चौकडी शेवटची एकत्र वाजली. गायक ऑझी ऑस्बोर्न यांना उभे राहता येत नव्हते. बसूनच ते गायिले, आणि २२ जुलैला निवर्तले. तो कार्यक्रम मी येथे दिल्लीत, रात्री उशिरा, एकटाच पाहिला. पडद्यावर आयोमींचा उजवा हात दिसला आणि मैदान गर्जले. एरवी मीही ओरडलो असतो. आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. पण त्या दोन टोपणांकडे मी त्यांच्याच डोळ्यांनी पाहत होतो. मी आवाज थोडा कमी केला, आणि शेवटपर्यंत ऐकत बसलो.