मिटलेले ओठ

जयपूरजवळच्या बस्सीत राहताना, सकाळी शाळेतील प्रार्थनेचे सूर कानी पडले की माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात येते : या रांगेत एखादे ख्रिस्ती मूल असेल, तर त्याने आपली श्रद्धा कशी व्यक्त करावी? संविधानाच्या २८व्या कलमानुसार सर्वस्वी शासकीय निधीवरील शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. परंतु २५व्या कलमाने दिलेले विवेकस्वातंत्र्य मुलाबरोबर वर्गातही येते. केरळात १९८५ साली ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. गात मात्र नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देवविला. तेव्हा मौन हीही श्रद्धेची अभिव्यक्ती ठरली. त्या मौनाचा मान राखणे मात्र रोज सकाळी शिक्षकाच्याच हाती असते.