ब्रिस्टलचा न वाळणारा पाऊस

इंग्लंडच्या पश्चिमेकडचे ब्रिस्टल हे चढउतारांचे आणि पावसाचे गाव. एव्हन नदीच्या खोल दरीवर 1864 साली खुला झालेला क्लिफ्टनचा झुलता पूल, आणि आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांच्या समाधीवरची भारतीय घाटाची छत्री. 1833 साली राजांनी याच गावी देह ठेवला. ही दोन स्थळे पाहिली की प्रवासी सुटला! माझ्या वाट्याला मात्र तिसरेही आले. ते म्हणजे माझ्या भाचीचे शिवणाचे टेबल.

ती तिथे बाहुल्यांचे चित्रपट करायला शिकते. ‘वॉलेस आणि ग्रॉमिट’ ही जोडी जगाला देणारी आर्डमन ही संस्था याच गावची. तेव्हा विद्येचे स्थान तिने बरोबर हेरले होते. बाहुली केसभर हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी!

तिच्या पदवीच्या चित्रपटात एक वीतभर उंचीचा मुलगा पावसात चिंब भिजून घरी येतो आणि आईपुढे दोन्ही हात वर करतो. चित्रपटाचा सारा जीव या दोन हातांत. आठ दिवसांत हा प्रसंग टिपायचा होता, आणि मुलाचा सदरा काही केल्या भिजत नव्हता.

“अगं, मग ओत की पाणी!” मी म्हणालो.

“मामा, बाहुली लहान करता येते, पाणी लहान होत नाही.”

खरेच होते. आपल्या बोटावरचा थेंब त्या मुलाच्या खांद्यावर जांभळाएवढा दिसे. शिवाय दिव्यांच्या उष्णतेने सदरा दोन फोटोंच्या मध्येच वाळू लागे. पांढरा गोंद लावला तर कापडाचा पापड होई. हात वर करावा तर बाहीच आड येई. ग्लिसरीनने कापड मऊ आणि ओलसर राही, पण धूळ धरी.

शेवटी तिने ओलेपणाची फोडच केली. ओले कापड गडद दिसते, कारण धाग्यांमधल्या फटींत हवेऐवजी पाणी भरते आणि प्रकाश कमी विखुरतो. म्हणून तलम मलमल घेऊन खांदे व घेर आधीच गडद रंगवले. ओले कापड अंगाला चिकटते, म्हणून सदरा तिरप्या कापाचा बेतला, आणि चुण्या बसवतील तशा राहाव्यात म्हणून काठात केसासारखी तार ओवली. ओले कापड चकाकते, म्हणून व्हाइट स्पिरिटने पातळ केलेले सिलिकॉन स्पंजने हलकेच टिपले. ते वाळल्यावरही रबरासारखे लवते. कोपर आणि काखेत मात्र त्याचा हात जेमतेम फिरवला. ग्लिसरीनचे टिपूस टाचणीच्या टोकाने ठेवले, तेवढे बाहीच्या कडेला.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्यांतला आहार्य म्हणजे वेषभूषेचा. वर्गात मी तो दोन वाक्यांत उरकत आलो आहे. त्या टेबलाशी मात्र तो तीन दिवस चालला होता. पाण्याचा टिपूस नाही, आणि पोर मात्र ओलेचिंब! खरे वाटण्यासाठी खऱ्यालाच दूर ठेवावे लागते, हे आम्ही मुलांना किती शब्द खर्चून शिकवतो!

चौथ्या दिवशी तिने त्या मुलाचा हात हळूच उचलला. खांद्याशी एक चुणी पडली, बाही कोपराशी दुमडली आणि ओल्या कापडासारखीच दंडाला बिलगून राहिली. भाची काही बोलली नाही. तिने दिवा सारखा केला आणि पहिला फोटो घेतला.