त्रेसष्ट सीसी

आमच्या बुलेटचं इंजिन आजवर तीनदा पूर्ण उघडलं, आणि तिन्ही वेळा वाद एकाच गोष्टीवरून झाला. पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या डोक्यावर मोकळी जागा किती ठेवायची?

पहिल्यांदा उघडलं ते १९७९ साली. मी तिसरीत होतो. अण्णांनी गाडी सेकंडहँड घेतलेली, धूर फार मारायची. कन्नडच्या गॅरेजात चाचांनी बोअर करून नवा पिस्टन टाकला आणि मग गंमत केली. प्लगचं भोक वर येईल अशी गाडी कलती केली, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणला आणि जनावरांना टोचायची वीस सीसीची काचेची सिरिंज घेऊन भोकातून पातळ ऑइल सोडायला लागले. ऑइल काठाला आलं तेव्हा तीन सिरिंजा रिकाम्या झाल्या होत्या आणि चौथीतले तीन सीसी गेले होते. त्रेसष्ट. सिलिंडर ३४६ सीसीचा. त्यात ६३ मिळवायचे आणि बेरजेला ६३नेच भागायचं. साडेसहा. हा झाला कॉम्प्रेशन रेशो. भागाकाराचा खरा उपयोग मला शाळेने नाही, चाचांनी दाखवला.

साडेसहा म्हणजे अगदीच सोसेल तेवढं. १९५५मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हापासून ही गाडी मिळेल ते पेट्रोल पिऊन चालली, ती या सैल पोटामुळे. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन तेव्हा कमीच होतं.

हे मला कळत होतं, पण पटत नव्हतं. १९९०मध्ये कॉलेजात असताना मी औरंगाबादहून उंच डोक्याचा पिस्टन आणला. चाचा नको म्हणत होते. मी हट्टाने बसवून घेतला. सिरिंज ४६वर थांबली. साडेआठ! तीन आठवडे मी पिशोरच्या रस्त्यावर हवेत होतो.

मग मे महिन्यात चाळीसगावहून परतताना, मामेभाऊ मागे, औट्रम घाट चढायला लागलो. वाटेत एका टपरीवरून बाटलीतलं पेट्रोल घेतलं होतं, त्याला रॉकेलचा वास होता. दुसऱ्या वळणावर पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मला वाटलं, टॅपेट वाजतंय. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

तो आवाज टॅपेटचा नव्हता. प्लगची ठिणगी पडली की जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. पुढचं न जळलेलं मिश्रण त्या दाबाने आणि उष्णतेने आपसूकच पेटलं तर पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. किती दाब सोसेल हे पेट्रोलचं ऑक्टेन ठरवतं. रॉकेल काहीच सोसत नाही. शेवटच्या वळणाआधी गाडीने दम सोडला. खालून येणाऱ्या ट्रकमध्ये टाकून ती कन्नडला आणली. हेड काढलं तर पिस्टनच्या मधोमध चवलीएवढं भोक, कडा वितळून मेणासारख्या ओघळलेल्या. चाचांनी त्यातून करंगळी घालून मला दाखवली. एवढंच म्हणाले, "पिस्टन पंप बघून टाकायचा असतो, भाऊ." जुन्या मापाचा पिस्टन परत आला.

पंप मात्र बदलत गेला. ही टकटक थांबवायला अमेरिकेत थॉमस मिज्लीने १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसं घालून पाहिलं. तेच शिसं मग पाऊणशे वर्षं आपण सगळ्यांनी श्वासातून ओढलं. आपल्या देशात ते २००० साली बंद झालं. पुढे साधं पेट्रोल ९१वर गेलं, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्याही वर. आमच्या शिवारात जो ऊस उभा असतो, त्याच्या जातीचंच हे पाणी.

गेल्या वर्षी गाडी पुन्हा धूर मारू लागली. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "बाबा, साडेसहाला हे पेट्रोल वाया जातंय." खरं होतं. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, म्हणजे ॲव्हरेज पडणार ते पडणारच. वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घ्यायचा तर दाब वाढवावा लागतो, आणि आमच्या पिस्टनला त्याचं सोयरसुतक नाही. मला घाट आठवत होता, तिला गणित दिसत होतं. शेवटी थोड्या उंच डोक्याचा पिस्टन आणला, पेट्रोलची रबरी नळी बदलली, कार्ब्युरेटरचं जेट एक नंबरने मोठं केलं.

गॅरेज आता चाचांचा मुलगा बघतो. चाचा दारात खुर्ची टाकून बसतात, नजर अधू झालीय. मुलीने सिरिंज भरली. एक, दोन. तिसरी पंधरावर थांबली.

"पंचावन्न," ती म्हणाली.

चाचांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "सव्वासातच्या वर थोडं," ते म्हणाले. "जा, घाट चढून ये. एकटी जाऊ नको, मागे बापाला बसव."