चावीवाले आप्पा

आप्पांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. हातोडा आणि पाना त्याच खांद्यावर टाकून त्यांनी सारी नोकरी चालत केली. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. बोरघाटात कीमन होते, राहायला कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं त्यांचं काम, म्हणून वस्तीत सगळे त्यांना चावीवाले आप्पाच म्हणत.

बोरघाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर चढावं लागतं. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागल्याशिवाय बहुतेक गाड्या लोणावळा गाठत नाहीत. त्या चढावर गाड्यांचा भार, उतरताना लागणारे ब्रेक आणि डोंगरातलं पाणी मिळून रूळ रोज थोडा थोडा सैल करतात. आप्पा पहाटे निघत आणि आपला बीट, म्हणजे वाट्याला आलेला रुळाचा पट्टा, पायी तपासत. एकदा यार्डाच्या कडेच्या बंद सायडिंगवर त्यांनी मला हातोडा मारून दाखवला. घट्ट चावी टणकन वाजली, पुढची बद्द बोलली. "डोळा फसतो गं, कान फसत नाही," म्हणाले, आणि दोन घावांत तिलाही वाजती केली.

पावसाळ्यात रात्रीची गस्त असे. कंदील, लाल झेंडी आणि डबीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पट्ट्या वाकवून ते रुळाच्या माथ्यावर बसवायचे. चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी रोखतो. एका रात्री बोगद्याच्या तोंडाशी दरड उतरली. आप्पा गाडीच्या दिशेने धावत गेले, फटाके लावले, कंदील हलवत उभे राहिले. सकाळी घरी येऊन आजीला एवढंच म्हणाले, "आज गाडी थांबवली. चहा टाक."

घाटातला हा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नीने, ॲलिस यांनी, कंत्राट सांभाळलं. हे पुस्तकांत आहे. बोगदे खोदताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांची नावं मात्र कुठे नाहीत. आप्पा मला नेहमी त्यांच्याच रांगेतले वाटतात.

याच घाटातून जाणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला पहिल्यांदा धावली. तिचा वाढदिवस पुणे स्टेशनवर प्रवासी हौसेने, केक कापून साजरा करतात. घाटातल्या पावसाळी गस्तीचे दिवसही त्याच सुमारास सुरू होतात. येत्या १ जूनला त्या केकजवळ घाटातल्या एखाद्या कीमनला मानाने बोलवा, आणि पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवा.