किनाऱ्यावर उतरताना

आमच्या वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडची माणसं आता क्रूझवर पर्यटक म्हणून जाऊ लागली आहेत. कुणी सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून येतं, कुणाला मुलगा-सून भूमध्य समुद्रात फिरवून आणतात. निघायच्या आधी मला हमखास फोन येतो. मी काही वर्षं क्रूझ जहाजांवर वेटर होतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न ठरलेला: बंदरावर उतरताना बरोबर काय घ्यायचं? मी सांगतो, ते लिहून घेतात, आभार मानतात. ते आभार खरं तर माझे नव्हेत. जे सांगतो त्यातलं जवळजवळ सगळं मला एका माणसाने शिकवलं, आणि त्याचं नाव न घेता त्याच्याबद्दल एकदा लिहावं असं फार दिवस मनात होतं.

तो गोव्यातल्या सासष्टीचा. तिकडे जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. त्याचे वडील तारवटी, काका तारवटी. लहानपणी तो वडिलांबरोबर मुंबईत धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडीत राहिलेला. गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपली कूड ठेवलेली असे. जहाज मिळेपर्यंत तारवट्यांनी तिथे पेटी ठेवायची, भिंतीलगत अंथरूण टाकायचं. शाळेची पहिली वर्षं 1961 पूर्वीची, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाची, म्हणून पोर्तुगीज यायची. मी 2003 साली फ्लोरिडात पहिल्यांदा साइन ऑन केलं तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास होता. जहाजावर त्याला सगळे अंकल म्हणत, मीही. मला तो ‘पुता’ म्हणे. त्याच्या कोंकणीला मी मालवणीत उत्तर द्यायचो आणि दोघांचंही कुठे अडत नसे.

जहाज बंदराला लागलं की सगळे खलाशी उतरतात असा लोकांचा समज असतो. तसं नसतं. आग लागली, काही घडलं, तर जहाज सांभाळायला ठरावीक माणसं वर राहावीच लागतात. त्याला आयपीएम म्हणतात, इन-पोर्ट मॅनिंग. पाळी आली की समोर निळं पाणी आणि पांढरी वाळू दिसत असूनही वरच राहायचं. ज्याची पाळी नसेल त्यालाही दुपारचं जेवण आणि रात्रीची तयारी यांच्या मधले दोन-तीन तासच मिळायचे. त्या दोन-तीन तासांसाठी अंकल जी तयारी करायचा ती बघून मी पहिल्यांदा चकित झालो होतो.

आधी कागद. ‘पयलीं कागद, मागीर पयशे,’ हे त्याचं वाक्य. आमचे पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, पर्सरच्या ऑफिसात जमा असायचे. हातात फक्त क्रू कार्ड, आणि अमेरिकेत उतरण्यासाठी इमिग्रेशनने दिलेला परवाना. अंकलने मला पासपोर्टच्या आणि सीडीसीच्या झेरॉक्स काढायला लावल्या, त्या प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आणि मागे एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर माझा रक्तगट, घरचा फोन नंबर आणि मला पेनिसिलिन चालत नाही ही गोष्ट इंग्रजीत आणि खाली त्याच्या वळणदार अक्षरात पोर्तुगीजमध्ये. त्या दिवसाच्या पत्रकावर जहाजाचं काम बघणाऱ्या बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. तो भाग कापून पाकिटात गेलाच पाहिजे. प्रत्येक बंदराचा एजंट वेगळा, म्हणून प्रत्येक बंदराला नवी चिठ्ठी. प्रवाशांनाही मी हेच सांगतो. जहाज कुठल्या धक्क्याला लागलंय आणि एजंट कोण, हे कागदावर हवं. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. पासपोर्ट न्यायचा की नाही हे देशागणिक बदलतं. काही जहाजं तो स्वतःकडेच ठेवतात. तुमच्या तिजोरीत राहिला आणि तुम्ही वेळेत परतला नाहीत, तर सुटण्याआधी जहाजाची माणसं तो काढून एजंटच्या हाती देतात. म्हणून तो एजंट महत्त्वाचा.

मग घड्याळ. आमचं जहाज फ्लोरिडाची वेळ बदलत नसे, आणि मेक्सिकोचं कोझुमेल एक तास मागे. तिथल्या दुकानाच्या भिंतीवर साडेतीन वाजलेले असले की जहाजावर साडेचार. आजही उन्हाळ्यात तेच होतं: 2015 पासून कोझुमेलचं घड्याळ वर्षभर एकच असतं आणि फ्लोरिडाचं उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. हातातला मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की मुकाट्याने स्थानिक वेळ दाखवायला लागतो. म्हणून मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं, आणि ते किनाऱ्यावर कुणाच्या सांगण्यावरून हलवायचं नाही. ‘तारूं कोणाखातीर रावना, पुता.’ तारू कुणासाठी थांबत नाही. मी कुणाला दुसरं काही सांगायला विसरलो तरी घड्याळ विसरत नाही.

खाण्याचं काही खाली न्यायचं नाही. बुफेतलं केळं, उकडलेलं अंडं पिशवीत टाकून उतरायची आपल्याकडच्या पुष्कळांना सवय असते. अमेरिकेच्या बंदरांत हुंगणारे कुत्रे असतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर एका सफरचंदापायी मोठा दंड भरावा लागतो. बार्बाडोस, जमैका या बेटांवर लष्करी छापाचे कपडे साध्या नागरिकाने घालणं बेकायदा आहे, तेव्हा तसली पँट, टोपी केबिनमध्येच. पाणी भरपूर. रोजच्या गोळ्या एका दिवसाच्या नव्हे, दोन-तीन दिवसांच्या. पैसे दोन ठिकाणी: थोडे खिशात, आणि शंभर डॉलरची एक नोट अशा जागी जिथे हात सहज जाणार नाही. अंकलची नोट पट्ट्याच्या आतल्या शिवणीत असे.

ही नोट कशासाठी ते मला कोझुमेललाच कळलं. पहिल्याच हंगामात, रफाएल मेल्गार या समुद्रालगतच्या रस्त्यावर आम्ही दोघं चालत होतो. एक स्कूटर वळणावरून घसरत आली आणि मला घेऊन पडली. हनुवटी फाटली, कोपर सुजलं, शर्ट रक्ताने भिजला. अंकलने टॅक्सी थांबवली आणि मला एका दवाखान्यात नेलं. तिथे आधी पैसे मागितले. त्याने कंबरेचा पट्टा सोडला, शिवणीतली नोट काढून टेबलावर ठेवली. माझं पाकीट डॉक्टरसमोर उघडून पेनिसिलिनच्या ओळीवर बोट ठेवलं, पोर्तुगीजमध्ये समजावलं, डॉक्टर स्पॅनिशमध्ये बोलत राहिला, आणि दोघांचं नीट जमलं. टाके घालेपर्यंत भिंतीवर दोन चाळीस झाले होते. अंकलच्या मनगटावर तीन चाळीस. खलाशांनी चारला वर असायला हवं होतं.

तो निघून जाऊ शकत होता. उशीर झालेल्या खलाशाला लेखी ताकीद मिळते, तशा ताकिदी साठल्या की करार संपतो. आणि त्याच्या घरी त्या वर्षी धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्याने चिठ्ठीवरचा नंबर फिरवून एजंटला सगळं सांगितलं, एजंटने जहाजाला कळवलं, स्वतः गाडी घेऊन आला आणि आम्हाला धक्क्यावर सोडलं. गँगवेवर सुरक्षा अधिकाऱ्याने आमची नावं आधीच लिहून ठेवलेली होती. त्यावर कुणी ताकीद दिली नाही. मी दोन दिवस केबिनमध्ये पडून होतो. त्या दोन दिवसांत माझी टेबलं त्याने आपल्या टेबलांबरोबर सांभाळली आणि माझी टिप माझ्या पाकिटात ठेवली.

खलाशाच्या औषधपाण्याचा खर्च जहाजाच्या मालकावर असतो, त्यामुळे नोटेचे पैसे महिन्याभरात मला मिळाले. मी ते अंकलला द्यायला गेलो तेव्हा तो नको म्हणेल, अशी मला भीती होती. तो नको म्हणाला नाही. घेतले, मोजले, त्यातली शंभराची नोट चार घड्या करून पट्ट्याच्या शिवणीत परत घातली. पुढच्या बंदरात कुणाला लागेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणाला. पैशांचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला. बाकीचा कसा व्हावा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ते शोधत राहायला मला आवडतं.

वसंतात जहाज अटलांटिक ओलांडून भूमध्य समुद्रात जायचं. सॅन्टोरिनीत कॅल्डेरा इतका खोल की मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या बोटींतून उतरावं लागतं, आणि वरच्या फिरा गावात जायला रोपवे, खेचर किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, पाठीवरची पिशवीच बरी. एफेससला संगमरवरी रस्ता आणि सावली जवळपास नाही: टोपी, बूट, पाणी. पण अंकल ज्याची खरी वाट बघायचा ते बंदर चिविताव्हेक्किया. रोमला जाणारी साधी गाडी, सुमारे तासाभराचा प्रवास, सान पिएत्रो स्टेशनला उतरून पायी सेंट पीटर्स. तिकीट गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यायचं, नाहीतर दंड. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून तो पिशवीत एक जादा शर्ट आणि एक ओढणी ठेवी. कुणा अनोळखी बाईला दारातून परत पाठवू लागले की तो ती ओढणी तिला देऊ करी.

रोमला जायला शेंगेन व्हिसा लागे. युरोपच्या नियमानुसार खलाशाला व्हिसाशिवाय फक्त बंदराच्या गावात आणि त्याला लागून असलेल्या गावांत फिरता येतं, आणि माझ्यासारखे अमेरिकेत चढलेले पुष्कळजण तिथेच अडायचे. आदल्या रात्री अंकल क्रू मेसमध्ये वही घेऊन बसायचा. ‘कितें जाय तुका?’ प्रत्येकाला विचारायचा. कुणाला आईसाठी रोझरी, कुणाला क्रॉस, कुणाला मुलासाठी फुटबॉलचा शर्ट, एका इंडोनेशियन मुलाला बायकोसाठी हातमोजे. प्रत्येकाचे पैसे वेगळ्या लिफाफ्यात, लिफाफ्यावर नाव आणि वस्तू. त्याच्या पाठपिशवीत स्वतःचं असं पाण्याची बाटली आणि ओढणी एवढंच असे. उरलेली सगळी जागा दुसऱ्यांची. मी एकदा माझ्या आईसाठी काय आणावं हे ठरवू शकलो नाही. तेव्हा त्याने विचारलं की ती सकाळी काय करते. तुळशीला पाणी घालते, म्हणालो. त्याने तिच्यासाठी रोमहून पितळेची छोटी झारी आणली. आई अजून तीच वापरते.

1 जुलै 2004 पासून जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे नवे नियम जगभर लागू झाले. कुंपणं उंच झाली, फाटकावर ओळख विचारणारे वाढले, काही बंदरांत खलाशाने धक्क्याबाहेर पाऊल टाकणं अवघड झालं. पुढे 2013 साली अमलात आलेल्या सागरी कामगार करारात किनारा-रजा हा खलाशाच्या आरोग्याचा आणि हिताचा भाग म्हणून लिहिली गेली. अंकल तोवर घरी बसला होता, पण ती बातमी मी त्याला फोनवर वाचून दाखवली तेव्हा त्याने ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

मग 2020 आलं. कोविडने क्रूझ थांबल्या, प्रवासी घरी गेले, आणि आमची हजारो पोरं जहाजांवर अडकली. किनाऱ्यावर उतरणं साफ बंद. आठवडे गेले. मुंबईच्या किनाऱ्याशी येऊन उभ्या राहिलेल्या जहाजांवरून मुलांना शहर दिसत होतं, पाय टेकता येत नव्हता. अंकल सत्तरी ओलांडलेला. तो रोज सासष्टीतल्या आणि आमच्या भागातल्या घरांना फोन करायचा. मलाही नंबर दिले, कोंकणी न येणाऱ्या घरांशी मी मराठीत बोलायचं. मुंबईला आणि मुरगावला हळूहळू परवानगी मिळू लागली तेव्हा उतरलेल्यांना थेट विलगीकरणात नेत होते. घरच्यांना भेटता येत नव्हतं, सामान मात्र पोचवता येत होतं. अंकलने फोनवर मला यादी सांगितली आणि मी ती घराघरांत पोचवली: भारतीय प्लगचा चार्जर. चालू असलेलं, रिचार्ज मारलेलं सिम, कारण नऊ महिन्यांत जुनं बंद पडलेलं असणार. सुट्टे पैसे, शंभर-पन्नासच्या नोटांत. आधार कार्डाची झेरॉक्स. कुणाला रक्तदाब असेल तर त्याच्या गोळ्या, वेष्टणासकट. घरचे कपडे, युनिफॉर्मच्या रंगाचे नकोत. आणि खाण्याचं काय, असं कुडाळच्या एका आईने विचारलं तेव्हा मी अंकलला पुन्हा फोन लावला. ‘धाड,’ तो म्हणाला, ‘हांगा दंड ना.’ तिने रव्याचे लाडू आणि लोणच्याची बरणी पाठवली.