अळणी पातेल्यातील चव

ज्या घरात एखादी वृद्ध व्यक्ती पथ्यावर असते, त्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर नाही तर निदान गृहिणीच्या मनात एक यादी लावलेली असतेच. मीठ कमी, तेल कमी, तिखट बेताचे, मटण क्वचित. त्या यादीशी माझा वाद नाही. ती देणारे डॉक्टर आपल्या माणसाचे हित पाहत असतात. परंतु काय काढून टाकावे एवढेच ती सांगते. काढलेल्या जागी काय घालावे, याविषयी ती मौन बाळगते. ज्या घरात आयुष्यभर रविवारचे मटण शिजले, तेथे ही रिकामी जागा फार मोठी असते.

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, आज ८६ वर्षांचे आहेत. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला तांबड्या रश्श्याविषयी काय वाटते, हे आपणांस निराळे सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शक्ती कमी झाल्याचे निदान झाले, पायांवर सूज आली आणि मिठावर कडक बंधन पडले. औषधांनी सूज उतरली. मात्र सूज उतरल्यावरही वजन उतरतच राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ‘भूक नाही’ एवढेच म्हणत. पुढे पुढे तर ‘माझं ताट वाढू नकोस’ असे ते आपणहून सांगू लागले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना भिंतीला हात लागू लागला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितले की मिठाइतकीच आता स्नायूंची काळजी करायला हवी. आठवड्यातून एकदा, चरबी काढलेले, थोडे मटण द्यायला त्यांची हरकत नव्हती. प्रश्न होता तो आबांनी ते खाण्याचा.

येथे थोडा हिशेब मांडते. निरोगी ज्येष्ठांना दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वार्धक्यातील आहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. चरबीविरहित कच्च्या मटणाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, दूध, अंडे, मासळी यांतूनही ती मिळतात आणि आमच्याकडे बाकीचे सहा दिवस त्यांवरच भागते. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी मात्र हा आकडा येथून उचलू नये. त्यांचे प्रमाण वेगळे असते आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आता चवीकडे वळू. वय वाढते तशी जिभेपेक्षा नाकाची शक्ती अधिक झपाट्याने मंदावते, आणि आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो. त्यात काही औषधांनी तोंडाची चव बदलते, काहींनी तोंड कोरडे पडते. अशा माणसाच्या ताटातून मीठही काढून घेतले, की उरते ते केवळ चावण्याचे श्रम. तेव्हा मीठ गेले तर जाऊ द्यावे. वास, आंबटपणा आणि भाजल्याचा खमंगपणा या तीन वाटांनी चव परत आणावी, असे मी ठरवले. त्यासाठी जे जिन्नस हाती आले, त्यांतील काही मटणाच्या पातेल्यात पाहून आमच्या शेजारीणबाईंच्या भुवया उंचावल्या होत्या.

वाटणापासून सुरुवात करू. आमच्याकडची कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकावी म्हणून तिच्यात सढळ हाताने मीठ घातलेले असते, आणि ‘मी भाजीत मीठ घातलेच नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येक घरांत ते या वाटेने पोटात जाते. म्हणून मी आता बिनमिठाची चटणी थोडी थोडी करून शीतकपाटात ठेवते. तिच्यात दगडफूल नेहमीपेक्षा थोडे अधिक घालते. दगडफूल हे फूल नव्हेच. झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारी ती एक दगडी रंगाची बुरशी-शेवाळाची जोडवस्ती आहे. कोरडे हुंगले तर काहीच वाटत नाही. चमचाभर गरम तेलात पडले, की तळघरातल्या जुन्या लाकडासारखा, ओल्या मातीसारखा एक गंभीर वास उठतो आणि पुसट झालेल्या नाकालाही तो सापडतो. अर्धा किलो मटणाला दोन-तीन पाकळ्या पुरतात. त्यांना चिकटलेली साल आणि कचकच मात्र निवडून घ्यावी लागते, आणि करपवू नये, कारण मग कडवटपणा येतो. कांदा विस्तवावर सालासकट भाजावा. सुक्या खोबऱ्याचा लहानसा तुकडाही तसाच भाजावा. भाजण्याने जो खमंगपणा येतो, त्याला मिठाची आठवण होत नाही.

मांस मऊ करण्यासाठी कच्ची पपई वापरतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण कवळी लावणाऱ्या माणसासाठी तिचे मोल किती, हे मला आबांमुळे कळले. पपईच्या चिकातील पपेन हे विकर मांसाचे तंतू तोडते. अर्धा किलो मटणाच्या लहान फोडींना सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचा एक मोठा चमचा चोळून तासभर ठेवावे. त्याहून अधिक नको. फोडींचा वरचा भाग पिठासारखा होतो आणि खाणाऱ्याला काहीच चावल्याचे समाधान मिळत नाही. वृद्धांनाही चावायचे असते, त्यांना फक्त झुंजायचे नसते. पिकलेली पपई येथे उपयोगाची नाही. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र कच्च्या पपईपासून दूर राहावे.

मटण मी आदल्या रात्री हळद, आले, लसूण लावून कुकरमध्ये शिजवते आणि निवाले की रश्श्यासह शीतकपाटात ठेवते. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्याने अलगद उचलता येतो. त्याच वेळी हाडांचे बारीक कपचे बोटांनी चाचपून काढते. या कामाला दुसरा उपाय नाही, आणि ते घाईत करू नये. या नुसत्या शिजवलेल्या मटणाला आपल्याकडे ‘अळणी’ म्हणतात, जरी त्यात मीठ घातलेले असते. लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच वाढायचे. आमच्या पातेल्यातील अळणी मटण आता नावाप्रमाणे खरोखरीच अळणी असते. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी हसले.

आता आंबटाविषयी, कारण माझ्या मते सारी किमया तेथेच आहे. आंबट जिभेवर आले की कमी मीठही अधिक भासते. कोल्हापुरी मटणात आमसूल घालण्याची आमच्याकडे रीत नाही. आमसूल मासळीचे, नाही तर सोलकढीचे. परंतु कोडगू प्रांतातील कोडव लोक डुकराच्या मांसाच्या सुप्रसिद्ध ‘पंदी करी’मध्ये कचंपुळी नावाचा काळा, दाट आंबट अर्क घालतात, आणि तो ज्या फळापासून होतो ते आपल्या कोकमाच्याच कुळातले. हे समजल्यावर मी धीर केला. अर्धा किलो मटणाला तीन आमसुले, आणि तीही रस्सा उतरवण्याच्या पाच मिनिटे आधी. वाण्याकडे मिळणाऱ्या आमसुलांना पुष्कळदा मीठ लावलेले असते, म्हणून बिनमिठाची मागून घ्यावीत. न मिळाल्यास कोमट पाण्यात दोनदा खळबळून घ्यावीत आणि ते पाणी फेकून द्यावे.

पावसाळ्यात अंबाडी येते. अंबाडीची भाजी आपण डाळ-कण्या घालून करतो, वर लसणाची फोडणी देतो. तीच अंबाडी आंध्र-तेलंगणात मटणात पडते आणि त्या पदार्थाला तेथे केवढा मान आहे! पाने वेगळी वाफवून, घोटून, शिजलेल्या मटणात मिसळायची. रंग हिरवट-काळपट होतो, दिसायला काही विशेष नाही, परंतु पहिल्या घासाला तोंडाला पाणी सुटते, आणि कोरड्या तोंडाच्या माणसासाठी ते पाणी सुटणे हाच अर्धा स्वयंपाक आहे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अंबाडी जपून खावी. तिच्यात ऑक्झलेट पुष्कळ असते.

पारशी स्वयंपाकाचे ऋण मी वेगळे सांगायला हवे. धानसाकमध्ये मटणाबरोबर डाळी, लाल भोपळा, वांगे, मेथी असे सारे शिजून एकजीव होते. ज्यांना रोजच्या जेवणात भाजी चावणे जड जाते, त्यांच्यासाठी याहून सोयीचे काय असेल? थोड्या मटणात सारे घर जेवते आणि भोपळ्याचा गोडवा तिखट कमी केल्याची उणीव भरून काढतो. जर्दाळू घालून मटण करण्याची रीतही त्यांचीच. पण आबांना ते रुचले नाही. ‘मटणात सुका मेवा घालायला मी काय नवाब आहे?’ हे त्यांचे मत मी आपल्यापर्यंत पोहोचवते. मधुमेही व्यक्तींनी तसेही त्यातला गोडवा मोजावा लागेल.

बेंगळुरूला राहणाऱ्या नातीने सुचवले म्हणून एकदा तांबड्या रश्श्यात पाव चमचा कॉफीची पूड घातली. कॉफी म्हणून ती कुणालाच ओळखू आली नाही. रस्सा मात्र चुलीवरचा वाटला. टोमॅटोचे काम याहून अधिक पक्क्या पायावर आहे. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामिक आम्ल वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोत ते आम्ल भरपूर असते, आणि मांसातील काही घटकांशी गाठ पडली की दोघांची चव एकमेकांमुळे वाढते. दोन लालभडक टोमॅटो आटेपर्यंत परतले, की मिठाची कमतरता निम्म्याहून कमी जाणवते, असा माझ्या घरापुरता अनुभव आहे.

मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, अशी मर्यादा सांगितली आहे. आबांची मर्यादा त्याहून खाली आहे. ती सांभाळण्यासाठी आपल्या जुन्या पंगतीची एक रीत मला फार उपयोगी पडली. ताटात सर्वांत आधी मीठ वाढतात ना, तशीच मी आबांच्या वाट्याची चिमूट मोजून ताटात ठेवते आणि ती ते आयत्या वेळी मटणाच्या फोडींवर भुरभुरतात. शिजताना रश्श्यात विरलेल्या मिठापेक्षा वर पडलेले मीठ जिभेला थेट लागते, म्हणून थोडे पुरते. बाकीची मंडळी आपल्या गरजेप्रमाणे घेतात. पातेले मात्र सर्वांचे एकच. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी कोपऱ्यात वेगळे छोटे पातेले ठेवणे मला मान्य नाही; त्या पातेल्याकडे पाहूनच त्यांची अर्धी भूक मरते.

बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमचा क्षार असतो. मूत्रपिंड अधू असेल किंवा रक्तदाबाची, हृदयाची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकते. टोमॅटो, भोपळा, जर्दाळू यांतही पोटॅशियम असते. तेव्हा ज्यांना त्याचे पथ्य आहे, त्यांनी आमसूल आणि दगडफुलावरच भर द्यावा.

आबांचे वजन पूर्वीइतके झाले असे मी सांगणार नाही. ते उतरायचे थांबले आहे आणि दोन किलोंनी वाढले आहे. रविवारी सकाळी वाटणाचा वास आला की ते काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात आणि ‘आज काय घातलंयस?’ असे विचारतात. मी सांगत नाही. त्यांनी ओळखायचे, असा आमचा आता खेळच झाला आहे. कॉफी त्यांना ओळखता आली नव्हती, अंबाडी पहिल्या घासाला ओळखली. चैत्रात चिंचेला कोवळा पाला फुटतो आणि तेलंगणात तोही मटणात घालतात, असे ऐकले आहे. आमच्या परसात चिंच नाही, पण मागच्या गल्लीतील शाळेच्या आवारात आहे. तेथील शिपाईमामांना मी आत्ताच सांगून ठेवले आहे.