आठ धरूया

कपाट आवरणं हा माझ्या घरातला वार्षिक सोहळा. या विकांताला तो पार पडला आणि मागच्या खणात पत्त्यांचा एक जोड सापडला. रमीचा नव्हे. या पत्त्यांवर नुसते आकडे. १, २, ३, ५, ८, १३, २०.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअर हमालांना लगेच कळलं असेल. बाकीच्या मंडळींसाठी सांगतो. एखादं काम हातात घेण्याआधी ते किती मोठं आहे याचा अंदाज बांधायचा असतो. तर टीममधल्या प्रत्येकाने एक पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे साहेबाचा आकडा बघून कोणी आपला बदलत नाही. ज्याचा सगळ्यात मोठा आणि ज्याचा सगळ्यात लहान, त्या दोघांनी आपापलं कारण सांगायचं. मग पुन्हा पत्ते. असं एकमत होईपर्यंत. आमच्याकडे एक अंक म्हणजे साधारण एक दिवस असा हिशेब होता (शास्त्रशुद्ध लोकांनी इथे डोळे मिटून घ्यावेत).

हा खेळ आला कुठून हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आला तो चक्क अणुबॉम्बवरून! अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना एक भीषण प्रश्न विचारला. तुम्ही रशियाचे योजनाकार आहात असं समजा. अमेरिकेचं युद्धसाहित्याचं उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती अणुबॉम्ब लागतील? पहिल्या फेरीत उत्तरं आली ५० पासून ५००० पर्यंत. या सातांना त्यांनी एका टेबलाभोवती बसवलंच नाही. बसवलं असतं तर ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा जिंकला असता. त्याऐवजी प्रश्नावल्या फिरवल्या, कारणं विचारली, कोण काय म्हणालं ते न सांगता ती इतरांपुढे ठेवली. पाच फेऱ्यांनंतर उत्तरं १६७ ते ३६० च्या मध्ये आली. गुप्त प्रकरण असल्याने हा प्रयोग छापून आला थेट १९६३ मध्ये. पद्धतीचं नाव डेल्फी, ग्रीकांच्या भविष्यवाणीच्या देवस्थानावरून.

पुढच्याच वर्षी हेल्मर आणि थिओडोर गॉर्डन यांनी हीच पद्धत सगळ्या जगाला लावली. लोकसंख्या, यंत्रं, अंतराळ, युद्ध, सगळ्याचं भविष्य. मग बॅरी बोहम या माणसाने ती सॉफ्टवेअरमध्ये आणली, आणि २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंगने तिचे पत्ते केले. म्हणजे जगाचं काय होणार आणि लॉगिनचं पान कधी होणार, दोन्हीला औषध एकच.

मला यातलं ते एकमत होणं फार आवडायचं. शंभर पटीचा फरक दोन पटींवर! पण जवळ आले म्हणजे बरोबर आले असं कुठे असतं? बॉम्ब कोणी टाकून पाहिले नाहीत, त्यामुळे उत्तर तपासायची वेळच आली नाही (देवाची कृपा).

आमच्या उत्तराची मात्र तपासणी झाली. २०१८ चा जुलै. एका जुन्या प्रणालीतला डेटा नवीन प्रणालीत हलवायचा होता. पत्ते उघडले. ५, ५, ५, ८, आणि टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीचा २०. नियमाप्रमाणे तिने कारण सांगायला सुरुवात केली, की जुन्या डेटात तारखा तीन वेगवेगळ्या पद्धतीने भरल्यात. मीटिंग चालवत होतो मी. जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "बरं, आठ धरूया." दुसऱ्या फेरीत तिने आठचा पत्ता टाकला. एकमत झालं ना!

लागले तेवीस. शिवाय मधे दुसरी कामं, त्यामुळे सगळं सप्टेंबरात ढकललं गेलं. ती कोकणातली. त्यांच्या भाऊबंदकीत गणपतीची पाळी दर चार वर्षांनी येते, आणि त्या वर्षी त्यांची होती. मे महिन्यात रात्र जागून काढलेलं रेल्वेचं तिकीट तिने माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून रद्द केलं. काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिची आजी गेली. घरच्या गणपतीपुढे आजी बसलेली असण्याची ती शेवटची पाळी होती.

असो. नाही, 'असो' म्हणून सुटत नाही हे.

त्यानंतर मी अंदाजांबद्दल जे मिळेल ते वाचायला लागलो. त्यात विल्यम आणि पॉल पॅडॉक या भावांचं १९६७ चं पुस्तक भेटलं. एक शेतीतज्ज्ञ, दुसरा परराष्ट्र खात्यातला. १९७५ पर्यंत जगात मोठा दुष्काळ पडणार, अमेरिकेचं धान्य सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून देशांची विभागणी करा. वाचवता येतील ते, आणि येणार नाहीत ते. भारत दुसऱ्या रांगेत! हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. १९६५ आणि ६६ चे दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि १९६६ मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं होतं. आलेख पुढे वाढवला तर तिथेच पोचत होता. पण १९६४-६५ ला सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेला गहू, नवीन बियाण्यांमुळे १९७१-७२ पर्यंत दुपटीच्या वर गेला.

गंमत म्हणजे आलेख नेहमीच फसतो असंही नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९५८ मध्येच सांगितलं होतं की २००० साली जगाची लोकसंख्या सुमारे ६२८ कोटी असेल. निघाली ६१० कोटींच्या वर. लोकसंख्या हळू चालते, गव्हाचं बियाणं एका हंगामात बदलतं.

माझी आई सांगोल्याकडची. १९७२ च्या दुष्काळात अकरा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, घरी मिलोची लालभडक भाकरी. जनावरं विकली, विहीर आटली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आईला मी पॅडॉकबंधूंची गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, पण आम्हाला विचारलं होतं का त्यांनी?"

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने वीसेक वर्षं २८४ तज्ज्ञांचे अंदाज जमवले, हजारो, आणि २००५ मध्ये पुस्तक काढलं. त्यात टीव्हीवर जास्त दिसणारे तज्ज्ञ उलट जास्त चुकत होते. त्याने अंदाजाला गुण देण्यासाठी वापरलेली युक्ती ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाची, १९५० ची. टक्क्यांत अंदाज लिहा. गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०. फरकाचा वर्ग करा. शून्य मिळालं तर तुम्ही देव.

मी वही घातली. २०२० च्या जानेवारीतली नोंद : 'चीनमधल्या विषाणूमुळे यंदा आमचं ऑफिस महिनाभर बंद : ३%.' म्हणजे ०.९७ चा वर्ग, ०.९४. याहून वाईट गुण मिळवायला खास प्रतिभा लागते. बायकोला दाखवलं तर तिने विचारलं, "हे तीन टक्के आणलेस कुठून?" कुठून म्हणजे... चहाच्या टेबलावर सगळे तेवढंच म्हणत होते.

तेव्हापासून मीटिंगमध्ये सगळ्यात वेगळा पत्ता ज्याचा, त्याला मी आधी बोलू देतो. घड्याळ उलटं करून ठेवतो. अंदाज सुधारलेत का? वही सांगते, थोडेसे. फार नाही.

२०२२ मध्ये पाळी पुन्हा आली. ती तेव्हा दुसऱ्या कंपनीत, स्वतःच टीम सांभाळणारी. चतुर्थीच्या दिवशी मी घाबरत घाबरत मेसेज केला, "गेलीस ना?" संध्याकाळी फोटो आला. माटवी, तिच्यावर टांगलेल्या काकड्या, भिंतीवर आजीच्या तसबिरीला हार. खाली एवढंच :

"रजा २० दिवस. आठ धरू नकोस."